जुना टीव्हीएस गोल्ड वायरलेस करायचाय? कात्री बाजूला ठेवा

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या बाबांनी राजवाड्याजवळच्या दुकानात वीसेक वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका सगळं. दुकान बंद झालं, संगणक भंगारात गेला, पण गोल पिनेचा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड बाबांनी घरी आणून जपून ठेवला. आता त्यांना आठवणी लिहायच्या आहेत, टॅब्लेट घेतलाय, पण काचेवर बोटं चालत नाहीत आणि बाजारातले चपटे ब्लूटूथ कीबोर्ड त्यांना अजिबात आवडत नाहीत. ‘हाच कीबोर्ड वायरलेस होईल का? एकाने सांगितलं की वायर कापून आत ब्लूटूथचा सर्किट बोर्ड टाकायचा, झालं.’

होईल. मी सांगलीत १९९८ पासून कीबोर्ड आणि प्रिंटर दुरुस्त करतो, त्यात असे बरेच कीबोर्ड वायरलेस केले. पण ताई, वायर कापू नका. वायर कापायची गरज शेवटपर्यंत पडत नाही, आणि बाबांच्या बाबतीत तर कीबोर्ड उघडायचीही पडणार नाही.

आधी एक बिनपैशाची चाचणी करा. घरातला कुठलाही साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी केबलने (टॅब्लेटला यूएसबी वस्तू जोडायच्या छोट्या तारेने) टॅब्लेटला लावा आणि बाबांना मराठी टाइप करायला बसवा. याचं कारण असं की कीबोर्ड कधीच ‘क’ किंवा ‘म’ पाठवत नाही. तो फक्त ‘अमुक जागेचं बटण दाबलं’, ‘अमुक जागेचं सोडलं’ एवढंच सांगतो. त्या जागेवर कोणतं अक्षर उमटायचं ते टॅब्लेट ठरवतो. ब्लूटूथ केलं तरी यात काहीही बदलत नाही. बाबांनी डीटीपी केलंय म्हणजे बहुधा त्यांची बोटं टाइपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीला सरावलेली असणार. इन्स्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीमध्ये इंग्रजी के च्या जागी ‘क’ आणि जे च्या जागी ‘र’ येतो, रेमिंग्टनमध्ये सगळं वेगळं. टॅब्लेटवर बाबांची मांडणी बाहेरच्या कीबोर्डसाठी मिळते की नाही, हे सोल्डरिंग गन तापवण्याआधी कळलं पाहिजे. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांचा कीबोर्ड सुंदर झाला, ब्लूटूथ अगदी व्यवस्थित, आणि मग लक्षात आलं की त्यांच्या मोबाइलवर त्यांची मांडणीच नाही. शेवटी त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला, त्यावर मांडणीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि तिथे लिहायला लागले. ती पायपीट तुमची वाचावी म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता कीबोर्डकडे. टीव्हीएस गोल्डची मजा त्याच्या खटक्यात आहे. प्रत्येक बटणाखाली चेरी एमएक्स ब्लू जातीचा स्वतंत्र स्विच असतो. बटण पूर्ण ४ मिलीमीटर खाली जातं, पण साधारण अर्ध्यावरच खट्कन आवाज येऊन अक्षर उमटतं. बोटाला आणि कानाला एकाच वेळी कळतं की अक्षर गेलं. बाबांना हेच हवंय. त्यामुळे स्विच, बटणं, सांगाडा यांना हात लावायचा नाही. बदलायची आहे ती फक्त कीबोर्डची ‘बोली’.

जुना गोल पिनेचा कीबोर्ड पीएस/२ भाषेत बोलतो. चार तारा कामाच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा. सहा पिनांच्या छोट्या गोल प्लगमध्ये पिन १ डेटा, ३ ग्राउंड, ४ ला ५ व्होल्ट, ५ क्लॉक. २ आणि ६ रिकाम्या. त्याआधीच्या मोठ्या पाच पिनांच्या प्लगमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड, ५ ला ५ व्होल्ट. तारांच्या रंगावर कधीही विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. मल्टिमीटर बीपवर ठेवून पिन ते तार तपासा. बटणाच्या कोडमधल्या दर बाइटमागे ११ बिटांचं एक पाकीट निघतं: एक सुरुवातीचा बिट, आठ बिट माहितीचे, एक पॅरिटीचा (चूक पकडायचा), एक शेवटचा. क्लॉक साधारण १० ते १६.७ किलोहर्ट्झ, म्हणजे पाकीट जेमतेम एका मिलिसेकंदात पोचतं. ए हे बटण दाबलं की ‘१सी’ असा कोड येतो, सोडलं की ‘एफ० १सी’. बाणांच्या बटणांआधी ‘ई०’ येतो. हे सगळं १९८४ सालच्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलेलं आहे आणि इतकं साधं आहे की चार-पाचशे रुपयांचा छोटा बोर्ड ते सहज वाचतो.

बाजारात हिरवा-जांभळा छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो, एका बाजूला पीएस/२, दुसऱ्या बाजूला यूएसबी. त्यात कुठलीही चिप नसते, नुसत्या तारा असतात. ज्या कीबोर्डला स्वतःलाच दोन्ही भाषा येतात त्याच्यासाठीच तो आहे. बाबांच्या कीबोर्डवर तो चालला नाही तर कीबोर्ड मेला असं समजू नका. चिप असलेला कन्व्हर्टर वेगळा मिळतो, त्याने चालेल.

वायरलेस करायच्या वाटा दोन.

पहिली: कीबोर्डचा जुना कंट्रोलर (बटणं वाचून कोड पाठवणारी आतली चिप) आहे तसा ठेवायचा, बाहेर एक डबी करायची, ती पीएस/२ ऐकणार आणि ब्लूटूथवर बोलणार. दुसरी: कीबोर्ड उघडून जुना कंट्रोलर बाजूला काढायचा आणि बटणांचं जाळं थेट नव्या चिपला जोडायचं. इंटरनेटवर दुसऱ्या वाटेचं कौतुक जास्त, कारण सगळं आत बसतं आणि दिसायला नेटकं दिसतं. पण निवड दिसण्यावर करायची नाही, बॅटरीवर करायची.

हिशेब बघा. जुना कंट्रोलर झोपायचं शिकलेलाच नाही. संगणकातून ५ व्होल्ट फुकट मिळायचे, त्यामुळे तो दिवसरात्र जागा. कीबोर्ड किती वीज खातो ते ५ व्होल्टच्या तारेत मल्टिमीटर घालून मोजा. समजा ५० मिलिअँपिअर निघाले. डबीतला ईएसपी३२ बोर्ड (ब्लूटूथ असलेला, प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) ब्लूटूथ चालू असताना साधारण ९० धरा. दोन्ही मिळून १४० मिलिअँपिअर, ५ व्होल्टला ०.७ वॉट. एका २६०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० जातीच्या गोल लिथियम सेलमध्ये साडेनऊ वॉट-तास ऊर्जा असते. ३.७ चे ५ व्होल्ट करताना काही वाया जाते, हातात आठ उरतात. म्हणजे अकरा-बारा तास. उलट दुसऱ्या वाटेने एनआरएफ५२८४० ही कमी विजेची ब्लूटूथ चिप लावली तर ती बटणांच्या मधल्या वेळात झोपते. सरासरी १ मिलिअँपिअर धरला तरी २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २००० तास पुरते. एका बाजूला दिवसभर, दुसऱ्या बाजूला महिनोन् महिने. एवढा फरक.

मग दुसरीच वाट का नको? कारण बाबा टेबलाशी बसून दिवसाला दोन-तीन तास लिहिणार आहेत. कीबोर्ड खांद्याला अडकवून हिंडणार नाहीत. त्यांच्यासाठी १०,००० मिलिअँपिअर-तासांची साधी पॉवरबँक पुरे. तिच्यात ३७ वॉट-तास, तोटा जाऊन तीस धरा, म्हणजे चाळीसेक तास टायपिंग. रोज तीन तास आणि काम झालं की बटण बंद, तर दोन आठवडे जातात. घरात लिथियम सेल, चार्जिंगचा बोर्ड, संरक्षक सर्किट यांचा खटाटोप नाही. आणि बऱ्याच पॉवरबँकांची खोड अशी की विजेची मागणी फार कमी झाली की ‘फोन चार्ज झाला’ समजून त्या बंद होतात. वीज वाचवणारी चिप लावली तर ही खोड फार त्रास देते. जुन्या कीबोर्डची भूक मोठी असल्याने इथे सहसा ती अडचण येत नाही. तरी विकत घ्यायच्या आधी घरातली पॉवरबँक लावून अर्धा तास बघा.

म्हणून ताई, तुमच्यासाठी पहिली वाट. सामान: मूळ ईएसपी३२ बोर्ड, चार वाहिन्यांचा लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टच्या तारा जुळवणारा छोटा बोर्ड), पीएस/२ चं मादी सॉकेट, एक स्विच, यूएसबीची तार आणि प्लास्टिकची डबी. बोर्ड घेताना नाव नीट वाचा. ईएसपी३२-एस२ नावाच्या बोर्डात ब्लूटूथच नाही, आणि दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणून तोच हातात ठेवतात. सामान साताऱ्यात नाही मिळालं तर पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास तासाभरात सगळं मिळेल. सॉकेट मात्र विकत घेऊ नका. मेलेल्या मदरबोर्डवरून काढता येतं, कुठलाही दुरुस्तीवाला देईल. नाहीतर पीएस/२ ची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि तिचं नर टोक कापा. कात्री चालवायचीच असेल तर ती या केबलवर.

लेव्हल शिफ्टर वगळू नका, हे कळकळीने सांगतो. कीबोर्डच्या क्लॉक आणि डेटाच्या तारा ५ व्होल्टवर असतात, ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट जोडून ‘चालतंय की’ म्हणणारे खूप भेटतील. काही दिवस चालतंही. मग एके दिवशी पिन जाते आणि दोष ब्लूटूथच्या माथी येतो. बीएसएस१३८ ट्रान्झिस्टरचा छोटा बोर्ड पन्नास-साठ रुपयांत येतो, दोन्ही दिशांना चालतो आणि या तारांना लागणारे पुलअप रोधही (मोकळ्या तारेला वरच्या व्होल्टवर धरून ठेवणारे) त्याच्यावरच असतात. एचव्ही (जास्त व्होल्टच्या) बाजूला ५ व्होल्ट आणि कीबोर्ड, एलव्ही (कमी व्होल्टच्या) बाजूला ३.३ व्होल्ट आणि ईएसपी३२. ग्राउंड सगळ्यांचं एक.

जोडणी झाली की आधी ब्लूटूथ विसरा. नुसता पीएस/२ वाचणारा छोटा प्रोग्रॅम टाका आणि येणारे कोड संगणकाच्या पडद्यावर बघा. वीज दिल्यावर कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि ‘एए’ असा कोड पाठवतो. तो ‘एए’ दिसला की अर्धं काम झालं. ‘एफसी’ आला तर कीबोर्डमध्येच बिघाड. काहीच नाही आलं तर क्लॉक आणि डेटा उलटे लागलेत का बघा, दहापैकी आठ वेळा तेच असतं.

मग ब्लूटूथ कीबोर्डची तयार लायब्ररी जोडायची आणि प्रत्येक पीएस/२ कोडसमोर त्याचा ब्लूटूथ कोड लिहिलेला तक्ता भरायचा. हे काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. कॉलेजातला कुणीही मुलगा-मुलगी दोन संध्याकाळी करेल. त्यांना तीन गोष्टी मात्र माझ्याकडून सांगा, कारण या तिन्हींनी मला रात्री जागवलंय.

एक, ब्लूटूथ चालू झालं की अधूनमधून अक्षरं बिघडतात किंवा एखादं बटण अडकल्यासारखं ‘ककककक’ उमटत राहतं. ब्लूटूथच्या कामात चिप गुंतते आणि कीबोर्डच्या क्लॉकचा एखादा ठोका हुकतो. एक बिट सरकला की पुढची सगळी पाकिटं चुकतात, आणि बटण सोडल्याचा कोड हुकला की टॅब्लेटला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत. ब्लूटूथ सहसा शून्य क्रमांकाच्या कोअरवर चालतं, तेव्हा क्लॉकचा इंटरप्ट (दर ठोक्याला चिपला हाक मारणारी सोय) दुसऱ्यावर बसवायचा. शिवाय पाकिटाच्या मध्येच दोन-तीन मिलिसेकंद शांतता झाली तर बिटांची मोजणी शून्यावर आणायची, आणि पॅरिटी चुकलेलं पाकीट फेकून द्यायचं. दोन, पॉज बटण आठ बाइट्सची लांबलचक माळ पाठवतं आणि सोडल्याचा वेगळा कोड देतच नाही. त्याची वेगळी व्यवस्था केली नाही तर ते दाबल्यावर पुढचं सगळं विस्कटतं. तीन, कॅप्स लॉकचा दिवा. तो कीबोर्ड स्वतः लावत नाही, संगणकाने सांगावं लागतं: ‘ईडी’ असा आदेश, मग कोणता दिवा ते. त्यासाठी डबीला ऐकण्याबरोबर बोलताही आलं पाहिजे, म्हणजे क्लॉक १०० मायक्रोसेकंद खाली ओढून मग डेटा. बरेच जण हा भाग सोडून देतात. तुम्ही सोडू नका. रेमिंग्टनवाल्या माणसाची नजर त्या दिव्यावर असते.

आता दुसरी वाट कधी घ्यायची तेही सांगतो, कारण हे वाचून इतर जण विचारतीलच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका प्रेसमधला कीबोर्ड काही दिवस गाळात होता. बटणं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, स्विचमधला गाळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने काढला, आठवडाभर सावलीत वाळवला. एकशेचार स्विचपैकी नऊ बदलावे लागले, बाकीचे जिवंत निघाले. कंट्रोलर मात्र गेला होता. तिथे दुसरी वाट घेण्यात शहाणपण होतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून कोणतं बटण कोणत्या आडव्या-उभ्या ओळीवर आहे याचा तक्ता कागदावर मांडला, दोन संध्याकाळ गेल्या. मग एनआरएफ५२८४० चा बोर्ड आणि झेडएमके नावाचं कीबोर्डसाठीचं मोफत फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम. बोर्डाला पिना कमी पडल्या म्हणून ७४एचसी५९५ चिपा जोडल्या. ज्या जुन्या कीबोर्डांत बटणाबटणाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसतो, उदाहरणार्थ आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम, त्यात एकाच ओळीतली दोन बटणं एकदम दाबली की नव्या चिपचे दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात, एक वर, एक खाली. तिथे प्रत्येक आउटपुटला एक १एन४१४८ डायोड लावायचा. आणि अँटेना लोखंडी पत्र्याखाली दडपायची नाही. पत्रा ब्लूटूथ अडवतो. वायर बाहेर येते त्या प्लास्टिकच्या कोपऱ्याशी बोर्ड ठेवला तर खोलीभर चालतं.

या दुसऱ्या वाटेत लिथियम सेल कीबोर्डच्या आत बसवावा लागतो. तो नवा आणि संरक्षक सर्किट असलेलाच घ्या, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला नको. सेलवर थेट सोल्डर करू नका, टॅब, म्हणजे धातूची पट्टी, लावलेला सेल मिळतो. टीपी४०५६ चा चार्जिंग बोर्ड सहसा १ अँपिअरवर सेट केलेला येतो, छोट्या बॅटरीला तो जास्त आहे. त्याच्यावरचा १.२ किलोओमचा रोध बदलून २ किलोओमचा लावला की प्रवाह ६०० मिलिअँपिअरच्या आत येतो.

आणि काढलेला कंट्रोलर फेकू नका. पिशवीत घालून कीबोर्डच्याच पोटात चिकटवून ठेवा. सुरुवातीच्या काळात मी एका आडत दुकानाच्या कीबोर्डची वायर मुळाशी कापली आणि जुना बोर्ड टाकून दिला. दोन वर्षांनी मालकांनी तो पुन्हा पूर्वीसारखा करून मागितला, कारण वडील गेले होते आणि त्यांना तो वडिलांच्या वेळी होता तसाच हवा होता. मला देता आला नाही. ते काही बोलले नाहीत, कीबोर्ड घेऊन गेले. तेव्हापासून परत फिरता येणार नाही असं काहीही मी कुणाच्या जुन्या वस्तूला करत नाही.

बाबांचा कीबोर्ड जोडण्याआधी साफ मात्र करा. मार्केट यार्डातून माझ्याकडे येणारे कीबोर्ड हळदीने पिवळे झालेले असतात. हळदीचा रंग पाण्याने जात नाही, अल्कोहोलने निघतो, आणि राहिलेला डाग एक-दोन दिवस उन्हात ठेवला की फिका पडतो. तुमच्याकडे हळद नसेल, पण कागदाचं भुसकट आणि टोनरची पूड नक्की असेल. बटणं कीकॅप पुलरने (बटण ओढून काढायच्या तारेच्या चिमट्याने) सरळ वर काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्पेसबार आणि एंटरखाली तारेचा आधार असतो, ती दोन शेवटी आणि हळू. एखादं बटण एकदा दाबल्यावर दोनदा उमटत असेल तर तो स्विचमधल्या धुळीचा दोष आहे. वायरलेस केल्यावर तो दिसला की लोक ब्लूटूथला नावं ठेवतात, म्हणून आधीच एकेक बटण दाबून यादी करा. अल्कोहोलचे दोन थेंब आणि शंभरेक वेळा दाबणं, एवढ्याने बरेचसे सुधारतात. न सुधारले तर दोन पायांचा स्विच बदलणं दहा मिनिटांचं काम आहे.

टॅब्लेटवर नंबरपॅड कधीकधी अंकांऐवजी बाण देतो. तसं झालं तर तक्त्यात त्या बटणांना सरळ वरच्या ओळीतल्या अंकांचे कोड द्या.

डबीला पॉवरबँक, कीबोर्डला डबी, आणि मूळ गोल पिन जशीच्या तशी. प्रोग्रॅम लिहिणारं कुणी मिळालं नाही तर डबी आणि कीबोर्ड घेऊन बाबांसह सांगलीला या, सकाळच्या गाडीने निघालात तर संध्याकाळी परत घरी जाल. येताना टॅब्लेट विसरू नका, आणि बाबांना म्हणावं लिहिलेलं एखादं पान सोबत आणा. तेच टाइप करून कीबोर्ड तपासू.